पाचव्या तातेची खाच

देवळाची ही वरची पायरी ओलांडून या, बाबांनो. तिच्यावर पाय देऊ नका. आणि त्या खाचेत नाणं टाकू नका, ती काही दानपेटी नाही! दरसाल कोणीतरी शहाणा टाकतोच.

चिऱ्याच्या कडेला बोट जाईल एवढी ही खाच छिन्नीची नाही. कवठसरच्या भैरोबाच्या जत्रेत पाचतारीची पाचवी तात, म्हणजे आतड्याची वळलेली तार, या चिऱ्यावरून ताणतात, आणि ताणून ताणून दगड झिजला, असं सांगतात. वर बसून तात ओढणारी बाई गोसाव्यांच्या घरची. खालच्या पायरीवर उकिडवा बसून तातेचं दुसरं टोक धरतो तो इनामदारांच्या घरचा थोरला पुरुष. उघड्या डोक्याने, उघड्या हाताने. इनामदार गोसाविणीच्या पायाशी का बसतो, हे विचारायलाच तुम्ही एवढी चढण चढून आलात ना? मग ऐका.

पाचतारी म्हणजे सारंगीच्याच कुळातली, गजाने वाजवायची, पण जाड गळ्याची. शिवणीचं लाकूड कोरून केलेली, तोंडावर बोकडाचं कातडं, कातड्यावर हाडाची घोडी आणि घोडीवरून पाच ताती. चार ताती लग्नाच्या, जत्रेच्या, देवाच्या. पाचवी सगळ्यांत जाड, तिचा आवाज पोटातून येतो. ती वर्षातून एकदाच वाजते, पालखी उठायच्या आधी. त्या साली गावातलं जे कोणी गेलं असेल त्याचं नाव घ्यायचं आणि पाचवीवर गज ओढायचा. नाव वाजलं की माणूस वाटेला लागतो. नाही वाजलं तर मेला तिथेच घुटमळत राहतो, अशी गावाची समजूत. तुमची नसेल. नसू द्या.

त्या काळी वाजवण्याचा मान गैबीनाथ गोसाव्याकडे होता. त्याची थोरली लेक भिवरा, तिच्या पाठचा कानिफ. वाजवायचा बाप, पण ताती वळायची आणि निवडायची भिवरा. वाळलेली तात दोन्ही हातांनी उजेडात ताणून धरायची, मधे छेडायची आणि बघायची. हवेत दोन स्वच्छ रेघा दिसल्या तर तात खरी. तिसरी दिसली तर खोटी, टाक चुलीत. तिची नजर कधी चुकली नाही, म्हणे.

आता खाली बघा, ते तळं. तुळोजीराव इनामदाराने त्याचा बांध घातला. भराव धुम्मस करून, ठोकून ठोकून बसू द्या, मग वरचा थर चढवा, असं गवंडी सांगून थकला. इनामदाराला घाई! ओल्या मातीवर माती चढत गेली आणि एका दुपारी बांध खचला. खाली राबणारी माणसं भरावात गाडली गेली. कानिफ त्यांच्यातच होता. इनामदाराने काय केलं असेल? मढी उकरून काढायला उशीर होईल म्हणून त्यांच्यावरूनच बांध पुरा केला. हो, त्यांच्यावरूनच! मघाशी तुम्ही हसत हसत फोटो काढलेत ना, त्याच बांधावर.

पुढे जत्रा आली. त्या साली पालखी नव्या बांधाच्या पूजेला जायची होती आणि बाहेरगावचे मोठमोठे मानकरी यायचे होते. पाचवी वाजली की त्यांच्यासमोर गाडलेल्यांची नावं निघणार. इनामदाराने गैबीनाथाला बोलावून घेतलं. "पाचवी उतरव," म्हणाला. "चारांवर भागव. एका तातेने काय बिघडतंय?"

गैबीनाथ घाबरला. राहती झोपडी इनामदाराच्या जागेत, जाणार कुठे? घरी येऊन त्याने मुकाट्याने पाचवी खुंटी सैल केली. भिवरा भाकऱ्या थापत होती. तात ढिली पडल्याचा आवाज तिने पाठमोरीच ओळखला.

"बा, कुणाची उतरवलीस?"

"इनामदार म्हणाले, चारांवर..."

"ते काय म्हणाले ते नाही विचारलं. कुणाची उतरवलीस? कान्याची ना?"

म्हातारा हुंदके द्यायला लागला. भिवरा रडली नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. भाऊ मातीत घातला, आता नावही मातीत घालायचं? सगळं गाव वाटेला लागेल आणि तिचा कान्या त्या भरावाखाली कायमचा बसून राहील, आणि वरून कोण चाललंय ते ऐकत राहील. बापाची तिला चीड आली. पण रडणाऱ्या म्हाताऱ्यावर ती चीड धरवेना, मग तो रागही इनामदाराच्याच वाट्याला गेला.

एक गोष्ट इनामदाराला ठाऊक नव्हती आणि भीतीपोटी गैबीनाथही विसरला होता. पाच तातींचं वाद्य चारांवर चालत नाही. घोडी पाचींच्या दाबावर उभी असते. जाड तात काढली की ती कलते, उरलेल्या ताती भलत्याच चढतात, सगळं बेसूर होतं. भिवराला हे पुरतं ठाऊक होतं. पण तिने तोंडातून ब्र काढला नाही.

"जा," म्हणाली बापाला. "वाजव चारांवर."

आणि उतरवलेली तात चुलीत टाकून तिने उजेडात नवी निवडली, पाण्यात भिजवली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली.

जत्रेत मानकरी लोडाला टेकून बसले. गैबीनाथाने गज ओढला आणि पाचतारी अशी किंचाळली की बैल बुजले. त्याने खुंट्या पिळल्या, पुन्हा ओढला. घोडी सटकली आणि टणकन फरशीवर पडली. वाजवल्याशिवाय पालखी उठत नाही. तरी इनामदार ओरडला, "उचला!" भोयांनी दांड्याला खांदे दिले, पालखी हलेना. जड झाली, म्हणे. देवाने जड केली की भोयांनी जोरच लावला नाही, ते भैरोबाला ठाऊक. गाडलेल्यांचे भाऊबंद भोयांतही होतेच की!

मग भिवरा उठली. बापाच्या मांडीवरून पाचतारी घेऊन या वरच्या पायरीवर बसली. घोडी उभी केली, कमरेची तात काढून एक टोक पाचव्या खुंटीला गुंडाळलं.

"नवी तात आधी ओढून घ्यावी लागते," ती म्हणाली. "दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. सरकार, तुम्ही या."

इनामदार लालेलाल झाला. पण पालखी अडलेली, मानकरी बघताहेत. "देवाचं काम आहे, धरा," त्यांच्यातलाच एक वडीलधारा म्हणाला. इनामदार खाली बसला, तात मुठीला गुंडाळून घेतली.

"आता नावं घ्या. बांधाखाली घातलीत त्यांची."

इनामदाराने तोंड उघडलं. एक नाव येईना. अहो, एक नाव! आपल्या मातीखाली गाडलेल्या माणसांतलं एकाचंही नाव त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं.

"मजूर होते," तो म्हणाला.

भिवराने खुंटी पिळली. तात चिऱ्यावरून सरकली, तळहातात रुतली. "मजुरालाही आई नाव ठेवते, सरकार."

"मला ठाऊक नाही."

पुन्हा पिळली. मुठीतून रक्त निघालं. "मग विचारा."

सोडली असती तर सुटला असता. पण पालखी तिथेच बसली असती, साऱ्या मुलखात छी-थू झाली असती. तेव्हा पायरीवर बसल्या बसल्या मान वळवून त्याने आयांना विचारलं, एकेकीला. "तुझ्या लेकाचं नाव काय, माय?" एकेकीने सांगितलं, तो म्हणत गेला. शेवटी त्याने भिवराकडे बघितलं.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "ज्याने तात उतरवली तो सांगेल."

गैबीनाथ उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा इनामदाराच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "कानिफ. माझा कानिफ."

इनामदाराने तेही नाव घेतलं. भिवराने टोक बांधलं, गज उचलला आणि सगळी नावं पुन्हा एकदा पाचवीवर वाजवली. त्यानंतर पालखी फुलासारखी उठली, म्हणे. ती बांधाला गेली नाही. आजवर गेलेली नाही.

आजही जत्रेला इनामदारांचा थोरला या पायरीवर बसतो. आधी गाडलेल्यांची नावं, मग त्या सालची. चुकला की खुंटी पिळली जाते. गेल्या साली हातमोजा घालून आला होता, डॉक्टरने सांगितलंय म्हणे! काढायला लावला. एका नावावर अडखळला, कळवळला, मग मुकाट्याने पहिल्यापासून सुरू झाला. त्या घरात पोरांना बाराखडीच्या आधी ही नावं पाठ करून घेतात, असं सांगतात.

फार झालं, आता सोडून द्या, असं कोणी कोणी आम्हा गोसाव्यांना सुचवतात. उतरताना बांधावरची पाटी वाचा. तिच्यावर एकच नाव आहे, तुळोजीरावांचं. ती पाटी आहे तोवर खुंटी आमच्या हातात राहील.