मूळपुरुषाची मिशी

सगुणा कुंभारीण माती खणायला गेली आणि चांदीचं जुनं नाणं घेऊन आली. सराफ म्हणाला, “हा रोमच्या बादशहाचा मुखडा. चांदी अर्धा तोळाही भरत नाही, पण शौकीन माणूस याला बैलजोडी देईल.”

बैलजोडीचं नाव निघताच जहागीरदार दौलतराव मिशीला पीळ देत चावडीवर हजर झाले. “कसला रोम? हे आमचे मूळपुरुष. नाक बघा. नाणं आमचं.”

पंचांनी नाक पाहून माना डोलावल्या. जहागीरदारापुढे दुसरं करतात काय?

सगुणा म्हणाली, “पण सरकार, यांना मिशी नाही.”

“वडील वारले असतील. घरातलं वडीलधारं गेलं की मिशी उतरवायची, ही आमची रीतच आहे.”

“मग नाणं तुमचंच,” सगुणानं पदर सावरला. “फक्त एक आहे. हे थोरले गेल्याचं तुम्हाला आजच कळलं. न्हावी बाहेरच बसलाय, बोलवू का?”

दौलतरावांचा हात मिशीवरच थिजला. त्यांनी नाणं पुन्हा उजेडात धरून बराच वेळ निरखलं.

“नाक,” ते म्हणाले, “जरा परकंच वाटतंय.”