तिघांनी सांगितलेलं पाणी

मुलांनो, तुम्ही आता एम.ए., एम.एस्सी. करणारी मोठी माणसं. तुम्हाला प्राण्यांची गोष्ट कोण सांगणार? मी सांगते, ऐका. डोंगराच्या उतारावरच्या दाट रानात एक हुशार खार होती. कासवगुरुजींच्या हाताखाली ती दोन वर्षं अभ्यास करत होती. विषय होता रानातले पाणवठे. कुठे किती पाणी आहे, ते किती महिने टिकतं, हे सगळं ती पळसाच्या पानांवर नखाने कोरून ठेवी. पानांची चळत इतकी नीटनेटकी, की गुरुजी इतरांना दाखवायला न्यायचे.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक निघाला आणि जवळचं तळं आटलं. तेव्हा एक सांबरीण आपल्या पाडसाला घेऊन खारीकडे आली. पाडस जेमतेम महिन्याचं होतं. "तू या पाण्याचाच अभ्यास करतेस ना ग," सांबरीण म्हणाली. "कातळापलीकडच्या डोहात पाणी आहे का, तेवढं सांग. नदीवर वाघाची भीती आहे. पण डोह कोरडा असेल तर नदीच बरी. याच्या अंगात दोन्हीकडे हिंडण्याचं बळ नाही."

खारीने टिटवीला विचारलं. "आहे की, भरपूर आहे," टिटवी म्हणाली. मोर म्हणाला, "गुडघाभर तरी असेलच." रानडुक्कर म्हणाला, "अगं, तिथे पाण्याला काय तोटा!" तिघांचं म्हणणं जुळलं तशी खार खूश झाली. तिने पानावर कोरलं, 'तीन साक्षी. पाणी आहे.'

गुरुजींनी पान वाचलं. "यांच्यापैकी पाहिलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"तिघंही एकच सांगतात, गुरुजी."

"ते कळलं. पण त्यांना कुणी सांगितलं, ते विचार. नाहीतर स्वतः जाऊन ये."

खरं सांगायचं तर खारीच्या जिवावर आलं. कातळ सगळा उघडा, वर घारी, आणि लपायला एक झाड नाही. बरं, त्या तिघांकडे पुन्हा जाऊन तेच विचारायचं, तर हिला काहीच येत नाही असं त्यांना वाटेल, ही लाज वेगळीच. "उद्या विचारते," असं म्हणून तिने वेळ मारून नेली. वाटेत सांबरीण भेटली, तिला मात्र तिने सांगून टाकलं, "जा खुशाल, मावशी. पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी सांबरीण परतली, ती एकटीच. डोह ठणठणीत कोरडा होता. पाडस तिथल्या भेगाळलेल्या चिखलात बसलं, ते पुन्हा उठलं नाही.

ते ऐकून खार धावत टिटवीकडे गेली. "मला बाई बगळ्याने सांगितलं होतं," टिटवी म्हणाली. मोराने बगळ्याचंच नाव घेतलं. रानडुकरानेही बगळ्याचंच. आणि हा बगळा राहत होता कुठे, तर खारीच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर!

"पाहिलं होतं ना मी," बगळा म्हणाला. "पण ते पावसाळा सरता सरता. आता तिथे पाणी कुठलं? तू विचारायला आली असतीस तर सांगितलं असतं. मी काय लपवणार होतो?"

खार तशीच सांबरिणीकडे गेली. म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. मला तिघांनी सांगितलं होतं."

सांबरीण चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर खारीला बरं वाटलं असतं.

"असं होय," सांबरीण म्हणाली. "मला वाटलं, तू पाहून सांगते आहेस."

तात्पर्य : तिघांनी सांगितलं म्हणून एका बगळ्याचं पाहणं तिघांचं होत नाही. कुणी पाहिलं आणि कधी पाहिलं, हे विचारल्याशिवाय लिहू नये की सांगू नये. कारण आपलं म्हणणं वाचणारा किंवा ऐकणारा, आपण ते तपासलंच आहे असं धरून वाटेला लागतो.