टिचकीचं बाळ आत, टिचकी बाहेर

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. चातुर्मासात बायका काहीतरी सोडतात. कुणी कांदा सोडते, कुणी वांगं. मला काही भजी सोडवेनात. मी म्हटलं, देवा, कांदा राहू दे. मी घरातलं जुनं सामान सोडते. देव हसला असणार.

त्या नेमाची ही गोष्ट. कहाणी ऐकताना हातात अक्षता घेतात. ही ऐकताना मांडीवर बाळ घ्यायचं.

एक होती उंदरी. तिचं नाव टिचकी. इंदूकाकूंच्या घरात, भिंतीत, तिचं बीळ. बिळात तिचं बाळ. कालच झालेलं. गुलाबी गुलाबी, शेंगदाण्याएवढं!

टिचकी गेली दाणा आणायला. तुरुतुरु तुरुतुरु!

तेवढ्यात इंदूकाकूंनी घर आवरलं. आवरलं म्हणजे काय? इकडचं सामान तिकडे ढकललं. ढर्रर्र! पेटी बसली बिळाच्या तोंडावर.

टिचकी आली. बघते तर काय? बीळ बंद! आतून बाळ रडतंय. चीं चीं, चीं चीं!

टिचकी म्हणाली,
"पेटीबाई, पेटीबाई, हल ना!
बीळ उघडेना.
माझं बाळ आत, मी बाहेर!"

पेटी म्हणाली, "खण्ण! मी नाही हलत जा. माझ्यापुढे मशीन. मशीन हलेल तर मी हलेन."

टिचकी गेली शिवणाच्या मशीनकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"मशीनराव, मशीनराव, हला ना!
पेटी हलेना, बीळ उघडेना.
माझं बाळ आत, मी बाहेर!"

मशीन म्हणालं, "खडक खडक! मी नाही हलत जा. माझ्या पायात सायकल. सायकल हलेल तर मी हलेन."

टिचकी गेली तीनचाकी सायकलकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"सायकलताई, सायकलताई, हल ना!
मशीन हलेना, पेटी हलेना, बीळ उघडेना.
माझं बाळ आत, मी बाहेर!"

सायकल म्हणाली, "किर्र किर्र! मी नाही हलत जा. माझ्या डोक्यावर डबे. डबे हलतील तर मी हलेन."

डबे कसले? श्रीखंडाचे! श्रीखंड कधीच संपलं. डबे राहिले. एकावर एक, एकावर एक, पार पंख्यापर्यंत.

टिचकी गेली डब्यांकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"डब्यांनो, डब्यांनो, हला ना!
सायकल हलेना, मशीन हलेना, पेटी हलेना, बीळ उघडेना.
माझं बाळ आत, मी बाहेर!"

डबे म्हणाले, "खडखड खडखड! आम्ही नाही हलत जा. काकू सोडतील तर आम्ही हलू."

टिचकी गेली इंदूकाकूंकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"काकू, काकू, सोडा ना!
डबे हलेनात, सायकल हलेना, मशीन हलेना, पेटी हलेना, बीळ उघडेना.
माझं बाळ आत, मी बाहेर!"

काकू म्हणाल्या, "असू दे गं, लागेल कधीतरी! त्या सायकलवर माझा बाळू बसायचा."

बाळू सोफ्यावर बसला होता. एवढी मोठी मिशी! एवढं मोठं पोट!

बाळू म्हणाला, "आई, मी आता मावतो का त्या सायकलवर?"

"गप रे! बारीक झालास तर?"

काकूंनी सायकलवरून हळूच हात फिरवला. मग म्हणाल्या, "मी नाही सोडत जा. बाप्पा कौल देईल तर मी सोडेन."

टिचकी गेली देव्हाऱ्यात. तुरुतुरु तुरुतुरु!
"बाप्पा, बाप्पा, कौल द्या ना!
काकू सोडेनात, डबे हलेनात, सायकल हलेना, मशीन हलेना, पेटी हलेना, बीळ उघडेना.
माझं बाळ आत, मी बाहेर!"

बाप्पा म्हणाले, "अगं, कौल म्हणजे फूल पाडायचं. डोक्यावरचं, उजवीकडे. पण पाडू कुठे? ही गेल्या वर्षीची सुपारी. ही त्याच्या आधीची. हा हार तर कधीचा, मलाच आठवत नाही. सोंड हलवायला जागा नाही! आधी हे काढ. तू काढशील तर मी पाडेन."

टिचकी थोडीच नाही म्हणणार?

सुपाऱ्या ढकलल्या. गडगड गडगड! हार ओढला. सर्रर्र! बाप्पांनी मोकळा श्वास घेतला. पोट हललं. डोकं हललं. फूल पडलं उजवीकडे. टप्प!

काकू ओरडल्या, "अगंबाई! कौल दिला, कौल दिला!"

मग काय?
बाप्पांनी कौल दिला, काकूंनी सोडलं.
डबे हलले, खडखड खडखड! गेले माळीबुवांकडे, रोपं लावायला.
सायकल हलली, किर्र किर्र! गेली शेजारच्या पमीकडे. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पमीने घंटी वाजवली, ट्रिंग ट्रिंग! काकू हसल्या.
मशीन हललं, खडक खडक! गेलं शिंपीकाकांकडे.
बाळूने लावला जोर. पेटी हलली, ढर्रर्र!
बीळ उघडलं!

टिचकी आत शिरली. बाळ लुचुलुचु दूध प्यायलं. चीं चीं थांबलं.

काकूंनी वाकून पाहिलं. "अय्या, बाळंतीण होय तू! आधी नाही का सांगायचं?"

"सांगतच होते की!" टिचकी म्हणाली.

काकूंनी पेटी उघडली. आत बाळूचं झबलं. मऊ मऊ. अजून वेखंडाचा वास. काकूंनी नाकाशी धरलं. खूप वेळ धरलं.

"पहिलं झबलं नवं घालू नये," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या बाळाचं जुनं घालावं. म्हणजे बाळ धडधाकट होतं. आमचा बाळू बघ!"

आणि झबलं ठेवलं बिळाच्या दारात.

टिचकीने आत ओढलं. बाळ त्यात गुडुप्प! काकू म्हणाल्या, "एक डबा तेवढा ठेवते हं. लागेल कधीतरी."

तर माझ्या सोन्या, तूही एवढं कर. तुला लहान झालेलं एक खेळणं शोध. त्याची पापी घे. रडू आलं तर थोडं रड. मग ज्याला हवं त्याला दे.

आणि आईचे डबे? ते बाप्पाला सांग. आधी त्याच्या सुपाऱ्या काढ हं!