ढेकरासुराची पायरी

एका गावात एक गिरणीवाला होता, शिवदास नावाचा. त्याच्या गिरणीचा खडखडाट एवढा, की गिऱ्हाईक कानाशी येऊन ओरडलं तरच त्याला ऐकू जाई. पण दगडाचा आवाज जरा बदलला, की वरचं धान्य संपत आलं हे त्याला पाठमोरं उभं राहूनही कळे. तीस वर्षांत त्याने एकदाही दगडावर दगड घासू दिला नव्हता.

त्याची मुलगी अक्षदा नर्सिंग शिकायला जिल्ह्याच्या गावी गेली आणि घर सुनं झालं. फोनवर "जेवलीस का?" "हो अण्णा," एवढ्यावर बोलणं संपे. शिवदासच्या मनात बोलायचं खूप असे, पण तोंडातून शब्द निघत नसे.

सुट्टीत आली तेव्हा अक्षदाने त्याच्या मोबाइलमध्ये एक खेळ घालून दिला. मोठा गमतीचा खेळ. बदकावर बसलेला एक ढेरपोट्या सरदार, हातात तलवारीऐवजी लाटणं, आणि चढायचा भोपळगड. गडाला सात पायऱ्या, वर एक घंटा. ती एकट्याने वाजत नाही, दोघं लागतात.

"मी माझ्या मोबाइलवरून चढते, तुम्ही तुमच्या," ती म्हणाली. "सोमवारपासून परीक्षा, मग महिनाभर माझा फोन बंद. त्याआधी रविवारी दुपारी गडावर भेटू."

शिवदासने मान हलवली. पोरीने बोलावलं म्हणजे जायचंच.

गिरणी चालवता चालवता, पिठाळलेल्या बोटांनी तो चार पायऱ्या चढला. पाचवीवर ढेकरासुर बसला होता. डोंगराएवढं पोट आणि दर थोड्या वेळाने एक ढेकर. त्या ढेकराच्या वाऱ्याने सरदार बदकासकट उडून खाली. नेमक्या क्षणी उडी मारली तरच वाचायचं, पण तो क्षण शिवदासला सापडेना. तो रोज वीसदा पडे. गिरणीत ऐकू तरी काय येणार, म्हणून खेळाचा आवाज त्याने बंदच ठेवला होता.

बुधवारी समोरच्या मोबाइल दुकानातला वैजनाथ आला. "काका, आणा इकडे," म्हणाला आणि चुटकीसरशी ढेकरासुर पार केला. सरदाराच्या डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण आलं. शिवदास हरखला.

मग त्याने सहावी पायरी स्वतः चढून पाहिली. तिथे दोन ढेकरासुर होते. सरदार आल्या पावली खाली आला.

"मोबाइल राहू द्या माझ्याकडे," वैजनाथ म्हणाला. "उद्या गडावर पोहोचवून देतो."

शिवदास त्या शिरस्त्राणाकडे बघत राहिला. सरदार मोठा झाला होता, त्याला चालवणारा होता तिथेच होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"वैजू, पोरीने गडावर मला बोलावलंय," तो म्हणाला. "तुला नाही."

त्याने 'नवा खेळ' दाबलं. आधीचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मोबाइलने विचारलं. चालेल, म्हणून त्याने बोट टेकवलं.

"काका, चारच दिवस राहिलेत."

"पुष्कळ आहेत."

खेळ नव्याने सुरू झाला, तसा त्याचा आवाजही आपोआप सुरू झाला. गुरुवारी दुपारी वीज गेली. गिरणी थांबली, आणि पाचव्या पायरीवर शिवदासला पहिल्यांदाच काहीतरी ऐकू आलं. ढेकर देण्याआधी राक्षसाचं पोट तीनदा गुडगुडायचं, आणि तिसरी गुडगुड जरा कोरडी असायची. धान्य संपत आल्यावर दगड वाजतो, अगदी तशी.

शिवदासने डोळे मिटले. एक, दोन, कोरडी तिसरी. उडी. ढेकर पायाखालून निघून गेला.

शुक्रवारी सकाळी, गिरणी सुरू करण्याआधीच, सहावी झाली. सातवीने दीड दिवस खाल्ला, पण शनिवारी संध्याकाळी तीही झाली.

रविवारी दुपारी अक्षदाचा सरदार गडावर वाट बघत होता. घंटेसमोर सगळ्यात थोरला ढेकरासुर. दोघांनी एकाच वेळी उडी मारायची. पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदा पडले. दोन्ही वेळा शिवदासची उडी बरोबर होती.

खेळातच एकमेकांशी बोलताही येत होतं. अक्षदाचा आवाज रडवेला झाला.

"अण्णा, माझंच चुकतंय. रविवार हुकेल म्हणून वरच्या तीन पायऱ्या मैत्रिणीकडून चढून घेतल्या. मला येतच नाही हे."

शिवदास हसला. "मीही एक घेतली होती. मग पुसून टाकली. आता डोळे मीट आणि त्याचं पोट ऐक. तिसरी गुडगुड कोरडी लागेल."

ढेकराच्या वाऱ्यापासून लांब थांबून त्यांनी नुसतं ऐकलं. एकदा, दोनदा, दहादा ऐकलं. उडी मारायची घाई केली नाही. पोरीच्या कानात ती खूण बसेपर्यंत शिवदास थांबला, आणि मग तिनेच सांगितलं, "आता."

दोन बदकं एकदम उडाली. घंटा वाजली.

मग अक्षदा बोलू लागली. परीक्षेची धास्ती, वसतिगृहातली पातळ आमटी, पहिल्यांदा टोचलेली सुई. शिवदास ऐकत होता, विचारत होता, आपलंही सांगत होता. तास कसा गेला कळलं नाही. त्या दिवशी "जेवलीस का" हे विचारायचं मात्र तो साफ विसरला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊन गड चढता येतो, पण तिथे कुणाला हात देता येत नाही. उशिरा का होईना, जे स्वतः शिकलो तेच आपल्या माणसाच्या कामी येतं.