नावेच्या काठाची गाठ

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक बुरूड राहायचा, हाताचा पक्का आणि हट्टाचाही. टोपलीसारख्या गोल नावा तो विणायचा. नावेचा काठ बांबूच्या एकाच लांब कामटीचा. घराण्याची रीत अशी, की त्या कामटीला आधी मधोमध एक गाठ मारायची आणि मगच टोकं जोडायची. म्हणे, त्याने नाव बांधलेली राहते.

त्या दिवशी पैलतीरी त्याच्या सुनेच्या धाकट्या बहिणीला हळद लागणार होती आणि नेमका घरच्या नावेचा काठ तुटलेला. सासऱ्याने नवी कामटी घेतली, ती गाठीतच कडकन मोडली. दुसरीही मोडली. उरली एकच, तीही वाळलेली. ही गेली की हळद गेली.

"मामंजी, या वेळी गाठ राहू द्या ना?"

"गाठ नाही तर नाव कसली, चाळण म्हण! माहेरची ओढ लागली की अक्कल जरा जास्तच चालते बरं!"

सून हसली, पण डोक्यातला किडा वळवळतच होता. गाठीतच का मोडते? तिने कुंपणावरचा ओला वेल तोडला, त्याचं कडं केलं आणि त्यावरून बोट फिरवलं, सतत पुढच्या वाटेकडे रोखून. एका चकरेत बोट एकदा पुरतं वळलं. कडं लांबट केलं, तरी तेवढंच. फक्त दोन निमुळत्या बाजूंना ताण साठला. वर-खाली लाटा काढल्या, तर वळण वाढलंच. मग तिने कडं सोडलं, वेलाला गाठ मारून पुन्हा टोकं जुळवली. सैल केली, हवेत उचलून नाना तऱ्हांनी पसरली. दोन फेऱ्यांच्या खाली वळण काही उतरेना.

"बघा मामंजी. कामटी तेवढीच आणि वळण दुप्पट. मोडेल नाही तर काय? नुसती गोल ठेवली तर एकच फेरा, तोही सगळ्या अंगावर सारखा वाटलेला."

सासऱ्याने वेल ओढून घेतला. बराच वेळ गाठीशी झटापट केली. शेवटी म्हणाला, "सुतळी आण. टोकं नुसती बांधू."

गोल वाकवताना कामटी कुरकुरली, पण मोडली नाही. ऊन कलायच्या आत नाव पाण्यात होती.

मध्यावर वल्हं थांबवून म्हातारा म्हणाला, "काय गं, एका फेऱ्याहून कमी वळून टोकाला टोक भिडेल का?"

"नाही मामंजी. निघाल्या जागी परत यायचं, तर एक फेरा घ्यावाच लागतो."

"म्हणजे हळद खेळून तू परत येशील म्हणायची!"

दोघंही हसली. नाव पैलतीराला लागली.

तात्पर्य: जेवढं वाकणं भाग आहे तेवढं खुशाल वाकावं, नुसती रीत म्हणून घेतलेलं जादा वळणच मोडून टाकतं.