पाच हात दोर

बोरवंड गावी, आडाशेजारच्या लिंबाखाली श्रीसखानंद महाराज बारा वर्षे राहिले. उन्हाळ्यात त्या आडाचे पाणी इतके खोल जाई की वाकून पाहणाऱ्याला भोवळ यावी. गावकुसाबाहेर राहणारा गोतीराम दोर वळून पोट भरायचा. महाराज त्याला एकदा म्हणाले, "गोतीराम, तळाला पोचेल असा दोर या लिंबाला बांधून ठेव. आणि रोज सकाळी त्याला लोंबकळून पाहा."

झाले! गोतीराम रोज सकाळी देवाचे नाव घेत फांदीवरून दोर टाकी आणि लोंबकळे. गावाला फुकटची करमणूक. सर्वांत मोठे हसू सुभानराव पाटलांचे.

"काय गोत्या, आज तरी फास बसला का?" पाटील विचारत. "अरे, कुणी पडलंच तर हा सुभानराव काय मेलाय? पट्टीचा पोहणारा मी! उडी टाकायला काय मुहूर्त लागतो?"

"व्हय पाटील. म्या आपला म्हाराजांचा सबूद पाळतो," एवढेच गोतीराम म्हणे.

एके दिवशी गोतीराम दोर पारखून गेला आणि दुपारी पाटलांच्या खोंडाचे दावे तुटले. महाराज ध्यानात होते. पाटलांनी इकडेतिकडे पाहिले आणि विळ्याने पाच हात दोर कापून नेला. नुसता टांगलेला दोर, कुणाला कळणार!

आणि दैवगती पाहा, भाविकहो! त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पाटलांची माहेरी आलेली लेक मैना पाणी शेंदताना पाय घसरून आडात पडली.

पाटील धावत आले. पोरीने भिंतीतली पिंपळाची मुळी धरली होती. "आबा!" तिने खालून हाक मारली. लोकांनी पाटलांना वाट करून दिली. पट्टीचा पोहणारा आला होता ना! पाटलांनी पागोटे काढले, खाली पाहिले. अंगरख्याची एक गाठ सोडली, दुसरी सोडली, मग पहिली पुन्हा बांधली. पाय काही उचलेना. सगळे गाव पाहत होते.

इतक्यात गोतीराम पळत आला. त्याने दोराचे मोकळे टोक कमरेला बांधले, दोर पाटलांच्या हाती दिला आणि "धरा, पाटील," म्हणत तो आडात उतरलासुद्धा.

पाटलांच्या हातातून दोर सरकू लागला. तो कुठे संपणार, हे त्यांनाच ठाऊक होते.

"दोर सपला!" खालून आवाज आला. "पाच हात कमी पडतोय! सकाळी तर पुरा हुता!"

पाटलांची मान खाली गेली. धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्यांना झाले. "महाराज, मी कापला हो!" ते चारचौघांत ओरडले. "खोंडाला दावं केलं मी त्याचं!"

महाराज उठले. त्यांनी दोरावर तळवा ठेवला. "गोतीरामाची तयारी पुरी होती. सोड दोर."

"महाराज, उरलाच नाही..."

"सोड म्हणतो ना!"

पाटलांनी मूठ सैल केली. आणि काय आश्चर्य! लिंबाची गाठ जागची हलली नाही, दोर मात्र त्यांच्या तळहातातून सरकत राहिला. मोजून पाच हात सरकला आणि थांबला.

"घावली! वढा!"

दोघे सुखरूप वर आले. गोतीरामाचे तळवे सोलून निघाले होते. लोकांनी दोर मोजला, तर तो पाच हात कमीच!

पाटील महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "देव सदाच तयार असतो रे. त्याला हवा असतो आधीपासून कंबर बांधलेला माणूस. पाय धरायचे तर गोतीरामाचे धर."

पाटलांनी गावादेखत गोतीरामाच्या पायांवर डोके ठेवले. "आवं पाटील, ह्ये काय!" म्हणत तो बिचारा अंग चोरू लागला. पाटलांना मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोंडाचे दावे सोडून आणले आणि गोतीरामाने ते दोराला जोडले. त्यानंतर रोज सकाळी गोतीरामामागून पाटीलही त्या दोराला लोंबकळत. एवढा धिप्पाड माणूस असा लोंबकळताना पाहून गाव हसे.

"हसा बाबांनो," पाटील खाली मान घालून म्हणत, "मीही हसलो होतो."