खारीची वाट आणि कोल्ह्याच्या शेंगा

मुलांनो, एका रानात एक खार आणि तिचे पिलू अशी दोघे राहत. खार चपळ, पण तिचे मन तिच्याहून चपळ. कुठे पान हलले, की हातातले काम सोडून ते तिकडे धावे. ती आळशी नव्हती, वेडी तर मुळीच नव्हती. एकदा पिलाला सडकून ताप भरला. ओढ्याकाठची गुळवेल आणायला खार तडक निघाली आणि तिन्हीसांजेला रिकाम्या तोंडाने परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. पिलू आता डोळेही उघडेना.

मग काय, सल्ले द्यायला सारे रान गोळा झाले. माकडिणीने तिला मन ताब्यात ठेवायला सांगितले. सशाने नाक मुरडले, की पोटचे पोर तापाने फणफणत असताना हिला भटकणे सुचतेच कसे! आपल्यातच काहीतरी खोट आहे असे खारीलाही वाटू लागले, आणि ती मान खाली घालून रडत राहिली.

साळिंदर मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर निघाले. वाटेत कोल्ह्याने बस्तान मांडले होते. तिथल्या वेलींना त्याने शिरीषाच्या वाळक्या शेंगा टांगल्या होत्या, मधूनमधून लालभडक गुंजा माळल्या होत्या. कोणी जवळ आले, की तो झुडपाआडून वेलीला हळूच हिसका देई. शेंगा खुळखुळत, येणारा थबके, तोंडातले फळ खाली ठेवून वर बघे आणि कोल्हा ते फळ लांबवी. खार एका शेंगेकडून दुसरीकडे गेली, दुसरीकडून तिसरीकडे, आणि गुळवेल पार विसरून गेली. ते पाहून साळिंदराने वेली दातांनी कुरतडून खाली पाडल्या.

कोल्हा तणतणत बाहेर आला. म्हणाला, "ससे, माकडे रोज इथूनच जातात. त्यांना काही होत नाही. दोष हिच्या डोक्यात आहे."

साळिंदर म्हणाले, "त्यांचा तू घटकाभर वेळ खातोस आणि हिचा अख्खा दिवस खातोस. एवढाच काय तो फरक."

खार शांत वाटेने ओढ्यावर गेली आणि ऊन चढायच्या आत गुळवेल घेऊन घरी आली. संध्याकाळी पिलाने डोळे उघडून खायला मागितले. त्या दिवशी ससा आणि माकडीणही रोजच्यापेक्षा लवकर घरी पोचली, तोंडातल्या बोरांसकट. त्यानंतर खारीला बोल लावायला कोणी आले नाही.

तात्पर्य : ज्याचे मन चटकन भरकटते त्याला नावे ठेवण्याआधी, त्याच्या वाटेवर खुळखुळे कोणी आणि कशासाठी टांगले ते पाहावे, मग ती वाट रानातली असो, की मोबाइलच्या पडद्यावरची.